कॉपी पकडली, पण पुढे त्या पोराचं काय?

पाटीवरची_रेघ:
नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावात हायस्कूलला गणित शिकवते आणि दरवर्षी दहावी बोर्डाला पर्यवेक्षक म्हणून ड्यूटी लागते. कॉपीवर इथे आधीही धागे निघालेत पण ते सगळे कॉपी थांबवायची कशी यावर, माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

मार्चमध्ये भूमितीच्या पेपरला भरारी पथक आलं आणि शेजारच्या ब्लॉकमध्ये आमच्याच शाळेच्या एका मुलाच्या मोज्यात मायक्रो झेरॉक्सच्या चिठ्ठ्या सापडल्या. पथकाने उत्तरपत्रिका ताब्यात घेतली, जबाब लिहून घेतला, केस झाली. त्यात चुकीचं काही नाही. मग विभागीय मंडळाचं पत्र आलं, सुनावणी झाली आणि त्या परीक्षेची संपादणूक रद्द. म्हणजे मराठी, इतिहास, विज्ञान, जे बरे गेले होते ते पेपर पण गेले. आईवडील ऊसतोडीला जातात, पोरगा आजीजवळ राहून शिकत होता. आता हायवेच्या गॅरेजवर पंक्चर काढतो आणि मी दिसले की आत जातो.

मला कशाचा त्रास होतो सांगते. गणितात लेखी ऐंशी आणि अंतर्गत वीस मिळून शंभरात पस्तीस लागतात, अंतर्गतला अठरा धरले तर दोन्ही पेपर मिळून लेखीत सतरा आणायचे होते. ते त्याला जमले असते. समजा नसते जमले, तरी दोन विषयांपर्यंत राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. म्हणजे गणितात नापास होऊनसुद्धा तो आज कॉलेजात असता! पण गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, गणितात उडालास की संपलं, आणि घरी खरं काय ते सांगणारं कोणी नाही.

तर प्रश्न असा की पकडल्यावर त्या मुलाचं आपण, म्हणजे शाळा, केंद्र, गाव, करतो काय? आणि चिठ्ठ्या छापून विकणारा, त्या खिडकीतून देणारे, बघून न बघितल्यासारखं करणारे यांचं काय होतं? माझं मत आधीच सांगून टाकते, शिक्षा मोठ्यांना आधी आणि जास्त व्हावी, आणि मुलाला शिक्षा झाली तरी शाळेचा दरवाजा त्याला बंद होऊ नये. अनुभव लिहा.

झणझणीत_मिसळ:
पहिला! धागा शंभरी गाठणार, पाणी घेऊन बसलोय.
मोज्यात चिठ्ठी म्हणजे पोराने वासाचा बंदोबस्त ठेवला होता, तरी पथकाने हात घातला, मानलं पथकाला.

कोकणकडा:
ताई, तळमळ पोचली पण सहमत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला चिठ्ठी मोज्यात लपवायची अक्कल असते तर ते चूक आहे हे पण कळतं. त्याच ब्लॉकमध्ये न बघता लिहिणारी पोरं होती ना? त्यांच्यातही कोणाचे आईबाप ऊसतोडीला असतील. त्यांना आपण काय सांगणार? संपादणूक रद्द हीच योग्य शिक्षा आहे आणि ती झाली याचा मला आनंद आहे, कारण बहुतेक ठिकाणी तेवढीसुद्धा होत नाही. गरिबी, आजी, गॅरेज हे सगळं खरं असलं तरी नियम नियम आहे. एकाला सोडलं की पुढच्या वर्षी दहा जण मोजे घालून येतील.

माऊ_आई:
कोकणकडा यांना अर्धं अनुमोदन. माझी मुलगी यंदा दहावी झाली म्हणून ताजं आहे. तिच्या ब्लॉकमध्ये विज्ञानाच्या पेपरला पर्यवेक्षकांनीच पहिल्या प्रश्नाचे पर्याय मोठ्याने सांगितले, अख्ख्या वर्गाला. ही बिचारी गांगरली, कारण तिने दोन उत्तरं वेगळी लिहिली होती. खोडावं की ठेवावं यात तिची दहा मिनिटं गेली आणि घरी येऊन बघितलं तर तिचीच बरोबर आणि सरांनी सांगितलेली चूक!

अर्धं अनुमोदन अशासाठी की त्या सरांना काहीही झालं नाही. मी शाळेत जाऊन बोलले तर मला सांगितलं, अहो ताई मुलांच्या भल्यासाठीच करतात, तुमच्या मुलीचं काही नुकसान झालं का. झालं! प्रामाणिक मुलाचं नुकसान होतंच, ते कुठे मोजलं जात नाही एवढंच.

झणझणीत_मिसळ:
सरांनी सांगितलेली उत्तरं चूक निघाली म्हणजे अख्ख्या ब्लॉकला सारखेच दोन मार्क कमी. सामूहिक नुकसान.

निवृत्त_गुरुजी:
रेघताई, धागा काढलात बरं केलंत. मी मुख्याध्यापक होतो आणि पुष्कळ वर्षं केंद्रसंचालक, म्हणून जरा सविस्तर लिहितो, मोठं झालं तर सांभाळून घ्या.

आधी केंद्र चालतं कसं ते नीट समजू दे, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कॉपी म्हणजे पोराच्या खिशातली चिठ्ठी. पेपर परिरक्षक केंद्राच्या, म्हणजे जिथे ते सीलबंद ठेवतात तिथल्या, कस्टडीतून येतो. आणणारा रनर, त्याला आता मोबाईलचं जीपीएस चालू ठेवावं लागतं. पाकीट ब्लॉकमध्ये मुलांसमोर, मुलांच्या सह्या घेऊन फोडायचं. पूर्वी अकराच्या पेपरला दहा पन्नासला प्रश्नपत्रिका वाचायला द्यायचे, त्या दहा मिनिटांत पान मोबाईलवरून बाहेर जायला लागलं म्हणून २०२३ पासून ते बंद केलं आणि पालकांनी ओरड केल्यावर तीच दहा मिनिटं शेवटी वाढवून दिली. बैठं पथक दिवसभर केंद्रावर, भरारी पथक कधीही येणार. जमावबंदी असते, जवळची झेरॉक्सची दुकानं बंद ठेवायला सांगतात, आता काही ठिकाणी ड्रोनसुद्धा उडवतात. एवढं सगळं असून कॉपी होते, तर ती एका पोराच्या मोज्यामुळे होत नसते हो. कुठेतरी आतला माणूस सामील असतो, नाहीतर घाबरलेला असतो.

घाबरलेला हा शब्द विचार करून लिहिलाय. गावातल्या पुढाऱ्याचा पुतण्या बसलाय, बाहेर मोटारसायकली लावून पोरं उभी आहेत, संध्याकाळी त्याच रस्त्याने शिक्षकाला घरी जायचं आहे. पथक निघून जातं, शिक्षक गावातच राहतो. त्यात ज्या शाळेची मुलं तीच शाळा केंद्र आणि तेच शिक्षक पर्यवेक्षक, असं असलं की आपल्या शाळेचा निकाल आपल्याच हातात. निकालावर प्रवेश येतात, पट टिकतो, पट टिकला तर तुकडी आणि तुकडी टिकली तर नोकरी. चौकातला शंभर टक्के निकालाचा बॅनर उगीच लागत नाही.

आणि हे मोडता येतं, मी बघितलंय. २०१० च्या सुमाराला नांदेडला डॉ. श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी होते, त्यांनी जिल्हाभर कॉपीमुक्ती राबवली. महसूल, पोलीस, शिक्षण, सगळी खाती एका वेळी उतरवली आणि आधी मुलांशी, पालकांशी बोलून वातावरण केलं. त्या वर्षी निकाल चांगलाच आपटला, लोक चिडले. पण पुढे राज्याने तोच नमुना घेतला, नांदेड पॅटर्न म्हणून. त्यातला बंदोबस्त सगळ्यांनी उचलला, मुलांशी आधी बोलायचा भाग मात्र पुष्कळ ठिकाणी गळाला. ताईंचा जो मुलगा आहे तो त्या गळालेल्या भागात सापडलेला आहे.

त्याच्या पुढच्या वाटेबद्दल नंतर लिहितो, डोळे दुखतात.

पाटीवरची_रेघ:
गुरुजी, संध्याकाळी त्याच रस्त्याने घरी जायचं हे अगदी खरं. बाईमाणसाला तर जास्तच. आणि शिक्षक दुसऱ्या शाळेचे नेमायचं २०२५ ला मंडळाने जाहीर केलं होतं की, पण संघटनांनी विरोध केला आणि शेवटी आधी गैरप्रकार सापडलेल्या केंद्रांपुरतंच ते राहिलं. स्टाफरूममध्ये माझं मत वेगळं पडलं होतं, मला तो निर्णय सरसकट हवा होता. दुसऱ्या गावात ड्यूटी म्हणजे प्रवासाचा त्रास आहे, मान्य, पण तिथे मला कोणी ओळखत नाही हीच माझी सुरक्षितता.

लाल_पेन:
मी परीक्षक आणि नियामक, म्हणजे परीक्षकाने तपासलेलं पुन्हा बघणारा, दोन्ही केलंय. एका गठ्ठ्यात भूमितीच्या सिद्धतेत एकच चुकीची पायरी ओळीने सगळ्यांनी लिहिलेली असते, अक्षर वेगळं, चूक तीच. बरोबर उत्तर सारखं आलं तर बोलता येत नाही, चूक सारखी आली की फळ्यावर कोणीतरी लिहून दिलंय हे लख्ख दिसतं.

२०२३ ला तर संभाजीनगर विभागात बारावी फिजिक्सच्या ३७२ उत्तरपत्रिकांत दोन दोन हस्ताक्षरं निघाली होती, आठवतंय? मुलांना चौकशीला बोलावलं, मुलं म्हणत होती आम्ही लिहिलेलंच नाही, आणि शेवटी गोष्ट मोठ्यांपाशीच जाऊन पोचली. तोवर त्या मुलांनी आणि त्यांच्या घरच्यांनी काय काढलं असेल!

आणखी एक, ज्याला आपण कॉपी म्हणतच नाही. अंतर्गत वीस मार्क. कोणत्या शाळेत कोणाला बाराच्या खाली मिळतात? २०१८ चा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत मार्क काढले, निकाल थेट ७७.१० वर. लोक ओरडले, २०२० ला मार्क परत आले, निकाल ९५.३०. २०२० ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता हे धरूनही फरक बघा. तशीच मुलं, तेच शिक्षक. मग वर्षभर आपण शाळेतच मुलाला दाखवतो की मार्क मिळवायचे नसतात, द्यायचे असतात, आणि मार्चमध्ये त्याच्या मोज्यात हात घालतो.

कोकणकडा:
लाल पेन, आकडे माहीत नव्हते. पण अंतर्गत मार्क काढले की सीबीएसई, आयसीएसई शाळांच्या तुलनेत आपली मुलं अकरावीला मागे पडतात, त्यांच्याकडे पण अंतर्गत असतात. तेव्हा हीच ओरड होती आणि ती रास्त होती.

लाल_पेन:
रास्त होती, नाही म्हणत नाही. मार्क ठेवा पण खरे द्या, तोंडी खरी घ्या. एका मुलाला पाच मिनिटं. साठ मुलं म्हणजे एका विषयाचे पाच तास. होतं, मनात असलं तर.

पेठेतला_अभ्यासक:
तुम्ही सगळे दहावीतच अडकलात. मी पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा देतोय, आमचं ऐका. टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, घोटाळ्यात २०२१ च्या डिसेंबरात पुणे सायबर पोलिसांनी परीक्षा परिषदेच्या तेव्हाच्या आयुक्तांनाच अटक केली, पुढे साडेसात हजारांहून जास्त उमेदवार अपात्र ठरवले. त्याच वर्षी आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला, म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली, रात्रभर प्रवास करून आलेली पोरं सकाळी सेंटरवरून परत गेली. २०२४ ला मेडिकल प्रवेशाच्या नीटमध्ये ६७ जणांना ७२० पैकी ७२०, १५६३ जणांना ग्रेस मार्क, मग ते रद्द, मग त्यांची फेरपरीक्षा, आणि हजारीबागला पेपर आधीच बाहेर आल्याचं सीबीआयने काढलं. त्याच जूनमध्ये प्राध्यापक पात्रतेची यूजीसी नेट झाली आणि दुसऱ्या दिवशी रद्द!

अभ्यासिकेत रोज दहा-बारा तास बसणाऱ्याला या बातम्या वाचून काय होत असेल? आईबापाने महिन्याचे पैसे पाठवायचे, मेसचा डबा अर्धा अर्धा खायचा आणि पेपर कोणीतरी दहा लाखाला घेतलेला. त्या ऊसतोडवाल्या मुलाला वर्षभराची शिक्षा झाली, ठीक आहे, पण मग ज्यांनी हजारोंची वर्षं खाल्ली त्यांना किती वर्षांची झाली ते पण मोजा.

माऊ_आई:
वाचून पोटात कालवलं. अभ्यासक, जेवत जा रे नीट.

काळा_कोट:
कायद्याचं थोडं. बरेच जण समजतात की आपल्याकडे कायदाच नव्हता. महाराष्ट्रात विद्यापीठ, मंडळ आणि इतर परीक्षांतल्या गैरप्रकारांना आळा घालणारा १९८२ चा कायदा आहे. केंद्राजवळ चिठ्ठ्या पुरवणाऱ्यांवर पोलीस जे गुन्हे दाखल करतात ते याच कायद्याखाली. जमावबंदीला पूर्वी १४४ कलम म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहितेत ते १६३ आहे, वर्तमानपत्रात अजून जुनाच आकडा येतो.

केंद्र सरकारचा कायदा २०२४ चा, त्याच वर्षी २१ जूनपासून लागू. त्यात पेपर फोडणं, उत्तरांची ओएमआर शीट बदलणं, खोटी केंद्रं वगैरेला तीन ते पाच वर्षं आणि दहा लाखांपर्यंत दंड, संघटित टोळी असेल तर पाच ते दहा वर्षं आणि किमान एक कोटी. यूपीएससी, रेल्वे, बँकिंग आणि नीट-नेट घेणारी एनटीए यांच्या परीक्षांना तो लागू आहे, शाळेच्या बोर्डाला नाही. रेघताईंच्या प्रश्नाला धरून महत्त्वाचं म्हणजे हा कायदा परीक्षार्थीवर नेम धरत नाही. उमेदवाराने कॉपी केली तर त्या त्या परीक्षा संस्थेचे नियम लागू, तुरुंगाची शिक्षा धंदा करणाऱ्यांसाठी. ताई जे म्हणतायत, मोठ्यांना आधी आणि जास्त, ते संसदेने निदान कागदावर तरी मान्य केलंय.

टेम्सकाठी:
इकडे इंग्लंडमध्ये पण तसंच झालं. पैसे घेऊन असाइनमेंट लिहून देणाऱ्या कंपन्या होत्या, २०२२ च्या कायद्याने तो धंदा करणं आणि त्याची जाहिरात करणं गुन्हा ठरवलं. गुन्हा लिहून देणाऱ्याचा. विद्यार्थ्यावर कारवाई युनिव्हर्सिटी करते, नियमांप्रमाणे.

मी एका युनिव्हर्सिटीत शिकवतो. चॅटजीपीटी आल्यापासून निबंध वाचून कळत नाही हो कोणी लिहिलाय. ओळखणारं म्हणून जे सॉफ्टवेअर मिळतं त्यावर माझा विश्वास नाही, ज्यांचं इंग्रजी पुस्तकी आहे अशा परदेशी मुलांवर ते उगाच संशय घेतं, आणि त्यात आपली मराठी मुलं भरपूर. एका मुलीने रात्र रात्र जागून लिहिलेल्या प्रोजेक्टवर सॉफ्टवेअरने लाल शिक्का मारला होता, ती माझ्यासमोर रडली. तिला बसवून दहा मिनिटं विचारलं, हे कोष्टक कसं काढलंस, हा संदर्भ का सोडलास. फाडफाड सांगितलं तिने. तेव्हापासून मी मशीनचा आकडा बघत नाही, सगळ्यांना दहा मिनिटं तोंडी. लाल पेन म्हणतात तेच.

सबमिशन_सम्राट:
तोंडीवरून आठवलं, जरा अवांतर. इंजिनीअरिंगला ड्रॉइंगच्या शीटची जीटी मारणे हा प्रकार नवीन पोरांना माहीत आहे का? ग्लास ट्रेसिंग. टेबलावर काच, खाली ट्यूबलाइट, हुशार पोराची शीट काचेवर, वर आपली. होस्टेलला एका खोलीतली काच रात्रभर फिरायची, लायब्ररीच्या पुस्तकाला नसेल एवढी मागणी.

आमचे ड्रॉइंगचे सर काही बोलायचे नाहीत. सबमिशनच्या दिवशी शीट बाजूला ठेवायचे आणि खडू हातात देऊन म्हणायचे, याचा टॉप व्ह्यू काढा फळ्यावर. नाही आला तर शीट फाडायची नाही, रिमार्क नाही, शनिवारी दुपारी यायचं, सर स्वतः थांबायचे. आमच्या बॅचचे कितीतरी जण प्रोजेक्शन त्या शनिवारी शिकले. आज मी पन्नास जणांची टीम बघतो आणि कोणाचं काम दुसऱ्याने केलंय असं वाटलं की तेच करतो, खडूच्या जागी मार्कर.

झणझणीत_मिसळ:
खरा अभ्यास काचेने केला, पदवी पोरांना मिळाली.

माऊ_आई:
शनिवारचे सर फार आवडले. असा शनिवार शाळेतच मिळाला असता तर त्या मुलाला चिठ्ठी लागली असती का?

पाटीवरची_रेघ:
माऊताई, शनिवार आम्ही घेतो पण तो मुलगा डिसेंबर ते मार्च अर्ध्या वेळा असायचाच कुठे? आजी आजारी पडली की आईवडिलांकडे कारखान्यावर, तिथून परत. गणितात एक धडा चुकला की पुढचा कळत नाही, पोर कितीही हुशार असो. आमच्या भागात ऑक्टोबर संपला की वर्गाचे बाक रिकामे दिसायला लागतात आणि ज्यांची मुलं मागे राहतात ती पण मनाने इथे नसतात. कॉपी थांबवायची तर मला विचाराल तर सुरुवात इथून आहे, नोव्हेंबरपासून. पथक फेब्रुवारीत येतं.

कोकणकडा यांना एक सांगायचंय. त्याला सोडा असं मी म्हटलेलं नाही. शिक्षा झाली ती झाली. पण शिक्षा एका परीक्षेची होती आणि तो आयुष्याची भोगतोय, कारण शिक्षा संपल्यावर त्याला परत बोलावणं हे कोणाचंच काम नाही. सुनावणीला त्याच्याबरोबर आजी गेली होती. तिथे काय म्हणाले विचारलं तर म्हणते साहेब चांगले होते, पण आता शाळा संपली म्हणाले. साहेब तसं म्हणाले नसणार, तिला तसं ऐकू आलं. आदेशाचा कागद तिला वाचता येत नाही, पोराने घडी करून ट्रंकेत टाकला.

कोकणकडा:
ताई, हे वाचून थांबलो. शिक्षा एका परीक्षेची आणि भोगतोय आयुष्याची, हे मला पण मान्य होणार नाही. नियम पाळायचा तर तो संपतो कुठे ते पण पाळलं पाहिजे. माझं मूळ मत तेच आहे, केस व्हायलाच हवी होती. पण कागद वाचून दाखवणारं कोणी नसेल तर ती शिक्षा मंडळाने दिली त्याहून मोठी झाली.

आणि माऊ आईंच्या पर्यवेक्षकांवर केस व्हायला हवी होती, त्या पोराच्या आधी. तिथे मी तुमच्या बाजूने आहे. मोठ्याला नोकरी आहे, पगार आहे, कळतं सगळं.

पेठेतला_अभ्यासक:
कोकणकडा +१. पहिल्यांदा तुमच्याशी सहमत झालो, तारीख लिहून ठेवतो.

काळा_कोट:
माऊ आई, पुढच्या वेळी तोंडी बोलू नका, लेखी द्या. मुख्याध्यापकांना नको, थेट विभागीय मंडळाला आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. केंद्र क्रमांक, विषय, तारीख, साधारण वेळ. मुलीचं नाव घालायची गरज नाही, ब्लॉकमध्ये पंचवीस मुलं होती, चौकशी करायची असेल तर होते. आणि पोच घ्या.

माऊ_आई:
मुलीचं नाव द्यावं लागेल याचीच भीती होती. आता लिहिते. सर वाईट नाहीत हो, पण त्यांना कोणी तरी सांगायला हवं.

निवृत्त_गुरुजी:
काल अर्धं राहिलं होतं. केंद्रसंचालक असताना मुलगा सापडला की मी काय करायचो ते लिहितो, कोणाला उपयोग झाला तर.

पहिलं म्हणजे वर्गात तमाशा नाही. पथकातले काही जण मुलाला उभं करून चार शब्द सुनावतात, बाकीची चोवीस मुलं थरथरतात, त्यांचा पेपर बिघडतो आणि या मुलाची पुरती शोभा होते. मी त्याला ऑफिसात आणायचो, पाणी द्यायचो, मग जबाब. जबाब त्याच्या शब्दांत, आपण सांगून लिहून घ्यायचा नाही. चिठ्ठी कुठून आणली हे त्यात यायलाच पाहिजे. तिथेच मोठा माणूस सापडतो आणि तीच ओळ घाईत सुटते, कारण सगळ्यांना केस करून मोकळं व्हायचं असतं.

दुसरं, त्याच दिवशी घरी जायचं. मी नाहीतर वर्गशिक्षक. या वयाचं पोर त्या संध्याकाळी एकटं राहू देऊ नये, माझ्या आयुष्यात मी या बाबतीत कधी कुचराई केली नाही. घरच्यांना आधी सांगायचं की मारायचं नाही.

तिसरं, पुढचे पेपर. निकाल राखून ठेवतील, सुनावणीला बोलावतील, पण ते व्हायचं तेव्हा होईल, उद्याचा पेपर द्यायचा. पुष्कळ मुलं लाजेने येतच नाहीत, म्हणून त्याच्या मित्राला सांगून ठेवायचं, येताना याला घेऊन ये.

चौथं, सुनावणीला आजीबरोबर शाळेतलं कोणीतरी जायचं. आणि आदेश आला की बसून वाचून दाखवायचा, शिक्षा कुठपर्यंत आहे, कोणत्या परीक्षेला परत बसता येतं, तारीख पाटीवर लिहून द्यायची.

पाटीवरची_रेघ:
गुरुजी, हे छापून आमच्या स्टाफरूममध्ये लावते. परवानगी धरून चालते.

मी आज आजीकडे जाऊन आले, तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद वाचून राहवेना. ट्रंकेतला कागद बघितला. त्यात फक्त मार्चच्या परीक्षेची संपादणूक रद्द आहे आणि लगतच्या पुरवणी परीक्षेला बसायला मनाई. बस. म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेला तो बसू शकतो! आजीला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तिने शेजारणीला बोलावून तिच्यासमोर सांगायला लावलं.

गॅरेजवर पण गेले. आत गेला नाही या वेळी, कारण मालक म्हणाला बाईंच्या गाडीत हवा बघ. हवा भरता भरता विचारलं मी. म्हणाला सगळे विषय परत द्यावे लागतील ना. हो म्हटलं. मग काही बोलला नाही, पण नाही पण म्हणाला नाही.

आता दहावीचे फॉर्म चालू आहेत. कोणीतरी सांगा, त्याला १७ नंबरचा फॉर्म भरावा लागेल का? तो बाहेरून बसणाऱ्यांसाठी असतो ना?

लाल_पेन:
१७ नंबर लागणार नाही. तो पहिल्यांदा बाहेरून दहावी देणाऱ्यांसाठी. हा तुमच्या शाळेकडून एकदा बसलेला आहे, म्हणजे पुनर्परीक्षार्थी, त्याचा फॉर्म तुमच्याच शाळेतून ऑनलाइन भरायचा, जुना बैठक क्रमांक टाकून. आदेशाची झेरॉक्स सोबत ठेवा, क्लार्कला शंका आली तर दाखवायला. संपादणूक रद्द असल्यामुळे सगळे विषय टाकायला विसरू नका, नाहीतर क्लार्क सवयीने फक्त गणित टाकेल. आणि विलंब शुल्काच्या तारखेआधी करा, मुख्याध्यापकांच्या लॉगिनला गर्दी होते.

पेठेतला_अभ्यासक:
ताई, फॉर्मची फी मी भरतो. खरंच सांगतोय, मेसेज करा. आणि इतिहास-भूगोलाच्या माझ्या नोट्स मराठीत आहेत, स्पर्धा परीक्षेच्या असल्या तरी नकाशे कामाला येतील.

कोकणकडा:
फी मी भरतो, अभ्यासकाने मेसचा पूर्ण डबा खावा.

सबमिशन_सम्राट:
गणिताचे व्हिडिओ कॉलवर रविवारी मी घेऊ शकतो, भूमिती माझी आवडती. त्याच्याकडे फोन आहे का? गॅरेजला सुट्टी कोणत्या वारी असते तेवढं विचारून सांगा.

पाटीवरची_रेघ:
फोन मालकाचा आहे. सुट्टी अमावास्येला असते, रविवारी नाही. उद्या मालकाशीच बोलते, संध्याकाळी सातनंतर सोडेल का ते विचारून इथे लिहिते.